'छाया' गोळीमागचा माणूस: औषधशास्त्रज्ञ डॉ. नित्य आनंद कोण होते?

गावातल्या आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे 'छाया' नावाची गर्भनिरोधक गोळी मिळते. 'माला-एन'सारखी ही गोळी रोज घ्यावी लागत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून फक्त एकदा.

सरकारी दवाखान्यात मोफत मिळते म्हटल्यावर बऱ्याच जणांना वाटतं, असेल कुठल्यातरी परदेशी औषधाची स्वस्त आवृत्ती. पण तसं नाही. या गोळीतलं औषध भारतातच शोधलं गेलं, तेही लखनौच्या एका सरकारी प्रयोगशाळेत. ते शोधणाऱ्या चमूचं नेतृत्व केलं होतं डॉ. नित्य आनंद यांनी. २७ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ९९व्या वर्षी त्यांचं निधन झालं. बातम्या आल्या आणि गेल्या. पण हा माणूस नेमका कोण होता, हे समजून घेण्यासारखं आहे.

लायलपूर ते माटुंगा

नित्य आनंद यांचा जन्म १ जानेवारी १९२५ चा, तेव्हाच्या पंजाबातल्या लायलपूरचा. आज हे शहर पाकिस्तानात आहे आणि त्याचं नाव फैसलाबाद आहे. लाहोरला बीएस्सी आणि दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात एमएस्सी करून ते पीएचडीसाठी आले ते थेट आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या यूडीसीटीमध्ये. आज आपण तिला आयसीटी म्हणतो.

तिथे त्यांना गुरू भेटले प्रा. के. वेंकटरामन. रंगांच्या रसायनशास्त्रातलं हे मोठं नाव. ते यूडीसीटीचे पहिले भारतीय संचालक होते आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही, म्हणजे एनसीएलचेही, पहिले भारतीय संचालक झाले. १९४८ मध्ये नित्य आनंद यांची पीएचडी पूर्ण झाली.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. केंब्रिजला जाऊन अलेक्झांडर टॉड यांच्याकडे त्यांनी डीएनएच्या घटकांवर काम केलं आणि १९५० मध्ये दुसरी पीएचडी मिळवली. टॉड यांना पुढे १९५७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे वेंकटरामन आणि टॉड हे दोघेही सर रॉबर्ट रॉबिन्सन या नोबेलविजेत्या रसायनशास्त्रज्ञाचे विद्यार्थी. म्हणजे मुंबई असो की केंब्रिज, नित्य आनंद एकाच गुरुपरंपरेत शिकले.

नवाबाच्या महालात औषधांची प्रयोगशाळा

१७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंनी लखनौमध्ये केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं, म्हणजेच सीडीआरआयचं उद्घाटन केलं. संस्थेला जागा मिळाली होती गोमतीकाठच्या छत्तर मंजिल या नवाबी महालात. पुढची सुमारे सहा दशकं औषधांवरचं संशोधन याच महालात चाललं.

केंब्रिजची दुसरी पदवी हातात असताना परदेशात राहणं अवघड नव्हतं. पण नित्य आनंद १९५१ मध्येच सीडीआरआयमध्ये रुजू झाले. मधल्या काळात ते हार्वर्डलाही जाऊन आले. टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन जंतूंना नेमकं कसं मारतं, यावर बर्नार्ड डेव्हिस यांच्यासोबत त्यांनी केलेलं काम १९६० मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं.

म्हणजे माणूस रसायनशास्त्राचा, पण औषध शरीरात गेल्यावर काय करतं याचं कुतूहल तितकंच. नवं औषध शोधायला नेमकं हेच लागतं.

रोज गोळी घ्यायची नसेल तर?

१९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम राबवणारा भारत जगातला पहिला देश. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. पण त्या गोळीत स्टेरॉइड प्रकारची संप्रेरकं होती आणि ती जवळपास रोज घ्यावी लागायची. मळमळीसारखे त्रास होते ते वेगळेच.

लखनौच्या चमूने दुसरी वाट धरली. स्टेरॉइड नसलेलं आणि रोज घ्यावं न लागणारं औषध मिळेल का? त्यासाठी एकामागून एक संयुगं बनवली गेली आणि तपासली गेली. साठच्या दशकात त्यातलंच एक संयुग हाती लागलं. संस्थेतला त्याचा क्रमांक ६७/२०. त्याला नाव दिलं गेलं सेंटक्रोमन. आंतरराष्ट्रीय नाव ऑर्मेलॉक्सिफेन.

आता हे काम कसं करतं? इस्ट्रोजेन हे संप्रेरक किल्लीसारखं असतं. गर्भाशयातल्या कुलपात ती किल्ली बसली की आतलं अस्तर गर्भ रुजण्यासाठी तयार होतं. सेंटक्रोमन त्या कुलपात आधीच जाऊन बसतं. बीजांड तयार होणं थांबत नाही, पण अस्तर वेळेवर तयार होत नाही आणि गर्भ रुजत नाही. गोळी बंद केली की पुन्हा दिवस राहू शकतात.

मग १९९१ का उजाडलं?

हे औषध 'सहेली' नावाने बाजारात आलं १९९१ मध्ये. हिंदुस्तान लॅटेक्स या सरकारी कंपनीने ते आणलं. संयुग सापडल्यापासून गोळी दुकानात येईपर्यंत वीसहून जास्त वर्षं गेली.

इतका वेळ लागण्याचं कारणही तसंच आहे. आधी प्राण्यांवर चाचण्या. मग ते विषारी आहे का, याची तपासणी. मग माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या. त्यात गर्भनिरोधक गोळी घेणारी बाई आजारी नसते, धडधाकट असते आणि गोळी वर्षानुवर्षं घेते. आजाऱ्याला औषधाचा थोडा त्रास झाला तर चालवून घेतलं जातं, इथे तेही चालत नाही. गोळी बंद केल्यावर झालेली बाळं निरोगी आहेत का, हेही पाहावं लागतं.

हे एकट्याचं काम नव्हतंच. सुप्रभात रे यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञ होते, व्ही. पी. कंबोज यांच्यासारखे जीवशास्त्रज्ञ होते, डॉक्टर होते. सीडीआरआयची ताकदच ही होती की संयुग बनवण्यापासून माणसांवरच्या चाचण्यांपर्यंतची सगळी माणसं एका छताखाली होती. त्यांना एकत्र बांधून ठेवणं हे नित्य आनंद यांचं मोठं काम.

सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने हीच गोळी 'छाया' नावाने १० राज्यांत मोफत द्यायला सुरुवात केली. त्यात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते.

औषधासोबत माणसंही घडवली

१९७४ ते १९८४ अशी दहा वर्षं ते सीडीआरआयचे संचालक होते. त्यांच्या नावावर ४०० हून अधिक शोधनिबंध आहेत आणि सुमारे १०० विद्यार्थ्यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी केली. त्यातले कितीतरी जण पुढे विद्यापीठांत आणि औषध कंपन्यांत गेले. सेंटक्रोमनच्या चमूतले कंबोज पुढे सीडीआरआयचेच संचालक झाले.

जे विद्यार्थी त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हते, त्यांच्यासाठी पुस्तक होतं. १९७० मध्ये जसजीत बिंद्रा आणि एस. रंगनाथन यांच्यासोबत त्यांनी 'आर्ट इन ऑरगॅनिक सिंथेसिस' लिहिलं. गुंतागुंतीचे रेणू कुणी, कोणत्या युक्तीने बनवले, हे उलगडून सांगणारं हे पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांनी वापरलं.

निवृत्तीनंतरही ते घरी बसले नाहीत. औषधांच्या शुद्धतेचे निकष ठरवणाऱ्या 'इंडियन फार्माकोपिया'च्या कामात ते होते. २०१२ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

हे आज का महत्त्वाचं?

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट बंद केलं आणि फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवरचं ठेवलं. त्यामुळे आपल्या कंपन्या दुसऱ्यांनी शोधलेली औषधं स्वस्तात बनवायला शिकल्या आणि जगाला पुरवू लागल्या. ते मोठंच काम आहे. पण अगदी कोरा रेणू इथेच शोधून, इथेच तपासून, इथल्या माणसांपर्यंत पोहोचवणं फार थोड्यांदा घडलं. सेंटक्रोमन त्यातलं एक. त्यासाठी वीस वर्षं धीर धरणारी संस्था लागली आणि एका पिढीचं काम पुढच्या पिढीकडे सोपवणारा गुरूही लागला.

जाता जाता, गोळी घेणाऱ्यांसाठी

'छाया' सुरू केल्यावर काहींची पाळी, विशेषतः पहिले काही महिने, लांबू शकते. पाळी फारच लांबली तर गर्भधारणेची तपासणी करून घ्यावी. नुकतीच कावीळ झालेली असेल, यकृताचा किंवा पीसीओडीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आयांना ती चालते, पण तेही आधी एकदा आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारूनच. आणि लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांपासून ही गोळी वाचवत नाही, त्यासाठी निरोधच लागतो.