गोविंदराव टेंबे आणि नाट्यपदांची चाल



नाटकांतलें पद आवडलें म्हणजे आपण गायकाची तारीफ करतों, कवीचीही करतों. चाल बांधणाऱ्याचें नांव मात्र क्वचितच कोणी विचारतो. मराठी रंगभूमीवर तर फार दिवस असा निराळा मनुष्यच नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्कर काय किंवा देवल काय, पदें रचतांना प्रचलित चाली स्वतःच योजीत. साकी, दिंडी, कीर्तनांतील वळणें, कानडी पदें हा त्यांचा सांठा. ही स्थिति ज्यांनीं पालटली ते गोविंद सदाशिव टेंबे.

५ जून १८८१ हा त्यांचा जन्मदिवस. लहानाचे मोठे झाले ते कोल्हापुरांत. हार्मोनियम ते बहुतांशीं स्वतःच शिकले. पुढें भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली, आणि बुवांच्या साथीला तेच बसूं लागले. अल्लादियाखांसाहेबांचा गंडा त्यांनीं बांधला नाहीं. पण वर्षानुवर्षें नुसतें ऐकून ती गायकी आत्मसात केली. श्रवण हीसुद्धां विद्याच आहे, हें आजच्या शिकवणी-वर्गांच्या काळांत सांगावें लागतें!

सांगलीचे सुपुत्र कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं संगीत नाटक लिहावयास घेतलें, तेव्हां चालींचें काम टेंब्यांकडे आलें. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस किर्लोस्कर मंडळीनें ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलें. टेंब्यांनीं त्यांत उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला. बालगंधर्वांच्या गळ्याला हा रंग असा कांहीं मानवला, कीं पदांसाठीं नाटक पाहणारा प्रेक्षक निर्माण झाला. नाटकाच्या दृष्टीनें हें सर्वस्वी हिताचें झालें असें मला वाटत नाहीं. ‘वन्समोअर’च्या गजरांत कथानक तिष्ठत राही. परंतु नाटककाराहून चालीकार वेगळा, ही रीत येथूनच रुजली. १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’ला चाली दिल्या त्या खुद्द भास्करबुवांनीं, म्हणजे शिष्याच्या मागून गुरु आले.

१९१३ सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली, थोड्याच वर्षांत ती सोडून ‘शिवराज’ मंडळी काढली. १९३२ सालीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. त्याचें संगीत टेंब्यांचें, आणि हरिश्चंद्रही तेच! पार्श्वगायनाची सोय तेव्हां नव्हती. नटानेंच कॅमेऱ्यापुढें गावयाचें.

आणि ज्या पेटीनें त्यांना नांव दिलें, तिलाच १९४० सालीं आकाशवाणीनें दार बंद केलें. पेटीचे स्वर ठरलेले, तिच्यांतून मींड निघत नाहीं, श्रुति सांपडत नाहींत, हा आक्षेप. आक्षेप खोटा नव्हे. पण गवयाचा श्वास ओळखून साथ करणारा हात वाद्याची उणीव झांकतो, हें ठरविणाऱ्यांनीं ऐकलें असतें तर बरें झालें असतें. ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडलें. टेंबे ९ ऑक्टोबर १९५५ रोजींच निवर्तले होते. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ हीं त्यांचीं पुस्तकें मात्र हातीं येतात. पदें ऐकण्यापूर्वीं तीं वाचावींत.