त्रिनिदाद

वेस्ट इंडीजच्या दक्षिण टोकाचे बेट व त्रिनिदाद आणि टोबॅगो प्रजासत्ताकाचा मुख्य भूभाग. क्षेत्रफळ ४,७६८ चौ. किमी. देशाची लोकसंख्या सु. १३.२८ लाख (२०११). व्हेनेझुएलाचा किनारा अवघा ११ किमी.वर. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. ला ब्रेआ येथे सु. ४० हेक्टरांचे नैसर्गिक डांबराचे सरोवर असून त्यावरून चालता येते.

कोलंबस ३१ जुलै १४९८ रोजी येथे पोहोचला. स्पॅनिश राजाच्या १७८३ च्या फर्मानानंतर फ्रेंच मळेवाले आले आणि त्यांच्यासोबत आफ्रिकी गुलाम. १७९७ मध्ये बेट ब्रिटिशांनी घेतले. १८३८ मध्ये गुलाम पूर्ण मुक्त झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये (कराराने बांधलेले मजूर) आणू लागले. त्यांचे पहिले जहाज ‘फातेल रझाक’ ३० मे १८४५ रोजी लागले. १९१७ पर्यंत सु. १,४४,००० लोक आले. बहुतेक बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातले, भोजपुरी बोलणारे.

देशात २०११ मध्ये भारतीय वंशाचे ३५.४ टक्के व आफ्रिकी वंशाचे ३४.२ टक्के लोक होते. शिवाय मिश्रवंशीय, चिनी, सिरियन-लेबनीज. येथल्या जमातींनी एकमेकींची दैवते आपलीशी केली, हे या बेटाचे खरे वैशिष्ट्य. मोहरमचे ताबूत येथे ‘होसे’ म्हणून निघतात आणि त्यांच्यापुढच्या ताशांच्या मेळ्यात हिंदू व आफ्रिकी वंशाचेही वादक असतात. सिपारियाच्या कॅथलिक चर्चमधली सावळी मेरी हिंदूंची ‘सिपारी माई’ आहे. तिच्यापुढे तांदूळ, तेल वाहतात, मुलांचे जावळ काढतात.

वॉटरलू येथील समुद्रातले मंदिर अवश्य पाहावे. शिवदास साधू या मळेकामगाराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधायला घेतले. जमीन साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये देऊळ पाडले गेले, साधूंना चौदा दिवसांची कैद झाली. समुद्र तर कोणाच्या मालकीचा नाही, म्हणून सुटल्यावर ते बादल्यांतून दगड-सिमेंट सायकलवर लादून नेत आणि पाण्यात भर टाकत. हे काम त्यांनी अनेक वर्षे एकट्याने चालवले.

खनिज तेल, नैसर्गिक वायू, अमोनिया व मेथॅनॉल ही मुख्य उत्पादने. पॉइंट लिसास ही मोठी औद्योगिक वसाहत. सरकारी साखर कंपनीचे काम २००३ मध्ये व पॉइंट-अ-पिएरचा तेलशुद्धीकरण कारखाना २०१८ मध्ये बंद झाला. तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून घडवलेले स्टीलपॅन हे देशाचे राष्ट्रीय वाद्य आहे.