परकी भांडवल आणि संपादकाची खुर्ची



वृत्तपत्राचा धनी परकी असला की पत्र परक्यांची तळी उचलणार, आणि धनी देशी झाला की ते आपोआप देशाचे होणार, अशी एक सोपी समजूत आपल्याकडे फार दिवस रूढ आहे. ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ज्या शहराने १८९७ साल पाहिले त्या शहरात तसे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु या समजुतीत एक प्रश्न राहून जातो. पत्रात कोणाचे किती भाग आहेत हे आपण विचारतो. त्या भागांच्या जोरावर संपादकाला खुर्चीवरून कोण उठवू शकतो, हे सहसा विचारीत नाही. माझ्या मते पत्राचा कल ठरतो तो येथे. यासाठी मला आपणांस थोडे मागे, मुंबईच्या फोर्टात, न्यावयाचे आहे.

१८३८ च्या नोव्हेंबरात मुंबईस 'बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स' या नावाचे पत्र निघाले. हेच पुढचे 'टाइम्स ऑफ इंडिया'. ते काढले मुंबईच्या व्यापाऱ्यांनी. त्यांत गोरे व्यापारी मुख्य, पण एतद्देशीय भागीदारही होते. लवकरच या पत्राच्या संपादकपदी डॉक्टर जॉर्ज ब्युइस्ट नावाचा स्कॉटिश गृहस्थ आला. माणूस विद्वान. भूगर्भशास्त्र, हवामान, समुद्राच्या भरती-ओहोटी, सगळ्यांत त्याला गती होती. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्याने पाहिले. सुमारे सतरा वर्षे त्याने पत्र चालविले आणि त्याचा दबदबा निर्माण केला. पुढे १८५७ चा वणवा पेटला, आणि या शास्त्रज्ञाची लेखणी बेभान झाली. बंडवाल्यांवरच नव्हे, सबंध एतद्देशीय समाजावर तो आग ओकू लागला. सूड घ्या, दया दाखवू नका, हाच त्याचा सूर.

आता मौज अशी, की ज्यांच्यावर ही आग पाखडली जात होती त्यांच्यापैकी काहींचा पैसा त्या पत्रात गुंतलेला होता. आपल्याच रुपयाने आपल्यालाच शिव्या विकत घ्यावयाच्या, हा व्यवहार कोणत्याही व्यापाऱ्यास मानवणारा नाही. पारशी भागीदारांनी पुढाकार घेतला. भागीदारांच्या सभेत संपादकाला सूर बदलण्यास सांगण्यात आले. ब्युइस्ट ऐकेना. संपादकाच्या मताला मालकाने हात लावू नये, असा त्याचा बाणा. सभेने त्याला काढून टाकले आणि त्याच्या जागी रॉबर्ट नाईट या तरुण इंग्रजास बसविले. ब्युइस्टने बाहेर पडून 'बॉम्बे स्टँडर्ड' हे पत्र काढले.

ही गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने सांगितली. एतद्देशीय भागीदारांनी, बंड अजून धुमसत असताना, एका गोऱ्या संपादकाला त्याच्या मतांसाठी घरी पाठविले, हे वाचताना आपली छाती फुगते. फुगावी. परंतु त्याचबरोबर हेही ध्यानात घ्या, की त्या सभेत जे तत्त्व वापरले गेले ते 'ज्याचा भाग त्याचा संपादक' हेच होते. ब्युइस्टची मते घाणेरडी होती म्हणून ते आपल्याला गोड लागते. तेच तत्त्व पुढे कोणाच्या हाती कसे जाईल याची हमी त्या सभेने काही लिहून ठेवली नव्हती.

आणि पुढचा पेच आणखी गमतीचा आहे. रॉबर्ट नाईटने १८६० साली एतद्देशीय भागीदारांचे भाग विकत घेतले, 'स्टँडर्ड' आपल्या पत्रात मिळविला, आणि १८६१ साली 'टाइम्स ऑफ इंडिया' हे नाव धारण केले. म्हणजे देशी भांडवल बाहेर गेले व सत्ता एका इंग्रजाच्या हाती आली. रूढ समजुतीप्रमाणे आता पत्राने रयतेच्या विरुद्ध जावयास हवे होते. झाले उलटेच. हाच नाईट इनाम कमिशनच्या मुळाशी लागलेला माणूस. दख्खनच्या इनामदारांच्या सनदा तपासून त्यांच्या जमिनी सरकारजमा करणाऱ्या या कमिशनची लक्तरे वेशीवर टांगणारे एक पुस्तक त्याने १८५९ सालीच लंडनमध्ये छापले होते. पुण्या-साताऱ्याकडच्या किती घराण्यांच्या पोटापाण्याचा तो प्रश्न होता हे येथे जमलेल्या जुन्या मंडळींस सांगावयास नको. इनामदारांची कड घेणे म्हणजे कुळांची कड घेणे नव्हे, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. पण सरकारला खडसावणारा मनुष्य इंग्रज होता, आणि त्याच्या पत्रात त्याला उठविणारा कोणी दुसरा उरला नव्हता, एवढेच मला दाखवावयाचे आहे. नाईट पुढे कलकत्त्यास गेला आणि १८७५ साली त्याने 'स्टेट्समन' काढले.

नाईट गेला आणि मुंबईचे वारे फिरले. १८९२ साली थॉमस बेनेट संपादक होऊन आला. त्याची नि कोलमनची जोडी जमली व 'बेनेट, कोलमन' हे नाव पत्राला कायमचे चिकटले. गोऱ्या वर्गाचे पत्र, गोऱ्या पेढ्यांच्या जाहिराती, गोऱ्या अधिकाऱ्यांची बातमी. अशा पत्रास सरकारने हुकूम देण्याची गरजच नसते. मालक, संपादक, जाहिरातदार आणि वर्गणीदार हे चौघे एकाच क्लबात संध्याकाळी भेटत असले म्हणजे वेगळा हुकूम कशाला?

याचा चटका पुण्याला बसला तो १८९७ साली. प्लेगचा धिंगाणा, घरोघर शिरणारे सोल्जर, मग २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या, हे सारे आपणांस पाठ आहे. खुनाच्या आधी आठवडाभर, १५ जूनच्या 'केसरी'त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आला होता. 'टाइम्स'मध्ये 'जस्टिस' अशा टोपणनावाने एका पत्रलेखकाने त्यांतील उतारे इंग्रजीत देऊन त्यांकडे बोट दाखविले, आणि आंग्लो-इंडियन पत्रांनी एकच गिल्ला केला. २७ जुलैस टिळकांना मुंबईत पकडले. ज्यूरीत नऊ जण, सहा युरोपियन व तीन एतद्देशीय. निकाल सहा विरुद्ध तीन. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लाविला, आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली. एका पत्राने फिर्यादीची भूमिका घ्यावी आणि दुसऱ्या पत्राच्या संपादकाने कैद भोगावी, असा तो सामना होता. टिळकही उधारी ठेवणारे नव्हते. लंडनच्या 'ग्लोब'ने त्यांच्यावर खुनांच्या मोहिमेचा आरोप केला व 'टाइम्स'ने तो मुंबईत छापला, तेव्हा १८९९ साली त्यांनी बदनामीची फिर्याद लावून 'टाइम्स'ला माफी मागावयास लाविली, मग 'ग्लोब'लाही.

या जागी 'केसरी'च्या मालकीचाही विचार केला पाहिजे, कारण तो आपल्या अभिमानाच्या धुरळ्यात झाकून जातो. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला तो चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी अशा मंडळींच्या जुटीने. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर जूट फुटली. आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला व पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. कर्जाच्या बोज्यासह पत्र १८९१ साली टिळकांच्या एकट्याच्या मालकीचे झाले. मालक आणि संपादक एकच! खुर्चीवरून उठविणारा उरला फक्त एक, आणि तो म्हणजे सरकार. ते त्याने तुरुंगाच्या वाटेने करून पाहिले. टिळक आत असताना तात्यासाहेब केळकरांनी काम सांभाळले. 'केसरी' पक्षपाती होता का? होता, आणि तो पक्ष पहिल्या पानावर लिहिलेला असे. ज्याला तो नको त्याने आगरकरांचा 'सुधारक' घ्यावा. आगरकरांना मात्र आपली मते सांगण्यासाठी दुसरे पत्र काढावे लागले, ही गोष्ट देशी मालकीच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

मुंबईत 'टाइम्स'ला उत्तर म्हणून सर फिरोजशहा मेहतांनी १९१३ साली 'बॉम्बे क्रॉनिकल' काढले. भांडवल देशी, धोरण देशी, आणि संपादक बेंजामिन हॉर्निमन हा अस्सल इंग्रज! हा इंग्रज सरकारला इतका जड झाला, की १९१९ च्या एप्रिलमध्ये त्याला उचलून बोटीवर घालून विलायतेस रवाना करण्यात आले. तारांच्या बातम्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. बाहेरची बातमी 'रॉयटर'कडून येई, आणि देशातली बातमी देणारी 'असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया'ही पुढे त्याच्याच पंखाखाली गेली. सदानंदांनी 'फ्री प्रेस' उभारून ही मक्तेदारी फोडण्याचा यत्न केला आणि त्यापायी जामिनांवर जामीन गमावले. 'प्रेस ट्रस्ट'ने १ फेब्रुवारी १९४९ पासून हे काम आपल्याकडे घेतले.

इकडे १९४६ साली रामकृष्ण दालमिया यांनी 'बेनेट, कोलमन' विकत घेतली. टिळकांना तुरुंगाची वाट दाखविणारे पत्र स्वराज्याच्या उंबरठ्यावर देशी शेठजींच्या पेढीत जमा झाले. खुर्चीवर मात्र आणखी चार वर्षे इंग्रजच बसले होते. फ्रँक मोराएस हे पहिले हिंदी संपादक आले ते १९५० साली. मालकी एका दिवसात बदलते, सवयीला वेळ लागतो.

न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या प्रेस कमिशनने १९५४ साली अहवाल दिला. त्याच्या पाहणीत पंधरा मालकांच्या हाती दैनिकांचा निम्मा खप होता. हे मालक परकी नव्हते. तरी सरकारने कायमचे दार लाविले ते दुसरेच: १३ सप्टेंबर १९५५ रोजी मंत्रिमंडळाने ठराव केला, की परकी मालकीचे वृत्तपत्र यापुढे हिंदुस्थानात निघू द्यावयाचे नाही.

त्या ठरावानंतर पाचच महिन्यांनी आपल्या शेजारी काय घडले पाहा. स्वारगेटच्या ज्या चौकाला आपण जेधे चौक म्हणतो त्या केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली, येथूनच निघणाऱ्या टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिरात, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. मुंबई कोणाची हा वाद होता, आणि मुंबईची बडी पत्रे बड्या उद्योगपतींची होती. ती आपली बाजू मांडीत नाहीत, गोळीबारात माणसे पडली तरी त्यांचे काळीज हलत नाही, अशी मराठी वाचकांची पक्की धारणा झाली. परकी मालकाचे नाव कोठेच नव्हते; तरी उपरेपणाची भावना तीच होती जी १८९७ साली होती. आचार्य अत्रे यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मराठा' काढला, तो या कोंडीतून. त्या पत्राने समतोल पाळला असे त्याचा मित्रही म्हणणार नाही. पण अत्र्यांना उठविणारा कोणी नव्हता, आणि त्यांचा पक्ष कोणता हे चहाच्या टपरीवरील पोऱ्यालाही ठाऊक होते.

१९५५ चे दार सत्तेचाळीस वर्षांनी, २००२ च्या जूनमध्ये, किलकिले झाले. बातम्यांच्या पत्रांत परकी भांडवल शेकडा २६ पर्यंत येऊ दिले गेले. हा आकडा कोठून आला, असे पुष्कळांनी मला विचारले आहे. आपल्या कंपनी कायद्यात महत्त्वाचा, म्हणजे 'विशेष' ठराव संमत होण्यास विरोधी मतांच्या तिप्पट मते लागतात. त्यामुळे शेकडा २५ हून अधिक मते ज्याच्या मुठीत, तो असा ठराव अडवू शकतो. २६ टक्के म्हणजे स्वतः काही करण्याची सत्ता नव्हे, पण दुसऱ्याला काही करू न देण्याची सत्ता आहे. संपादक नेमणे ही साध्या बहुमताची बाब असते. म्हणून सरकारने वेगळ्या अटी घातल्या, की संचालकांपैकी तीनचतुर्थांश आणि संपादकवर्गातील प्रमुख माणसे या देशात राहणारी भारतीयच असावीत. १९५५ च्या ठरावापेक्षा या अटी मला अधिक शहाणपणाच्या वाटतात, कारण त्यांनी पैशापलीकडे पाहून खुर्चीकडे पाहिले.

त्या अटींचा कस कसा लागला हे आपण आपल्या भाषेतच पाहिले आहे. दूरदर्शन वाहिन्यांनाही २००३ साली हीच मर्यादा लागू झाली. 'स्टार' ही परकी कंपनी बातम्यांची वाहिनी चालवीत होती. तिने २६ टक्के स्वतःकडे ठेवून उरलेले भाग अनेक देशी व्यक्तींच्या नावे मांडले. खरा धनी कोण, असा बोभाटा झाला. शेवटी एकाच भारतीय भागीदाराकडे निदान ५१ टक्के असावेत अशी अट आली आणि कलकत्त्याच्या आनंदबझार गटाने ७४ टक्के उचलले. याच जोडीने २२ जून २००७ रोजी 'स्टार माझा' ही मराठी वाहिनी सुरू केली. २०१२ साली 'स्टार'ने आपले नाव आणि भाग काढून घेतले, आणि १ जूनपासून ती 'एबीपी माझा' झाली. स्वारगेटच्या स्थानकावर कोल्हापूरच्या गाडीची वाट पाहता पाहता जे लोक उपाहारगृहातील पडद्याकडे पाहत होते, त्यांना त्या दिवशी कोपऱ्यातील चिन्ह बदललेले दिसले. निवेदक कालचेच होते.