काळी, पांढरी आणि भावाचे वर्कशॉप



शाळेच्या आठवणी लिहायच्या ठरवल्या होत्या, पण गेली दोन वर्षे माझ्या डोक्यात एक भिंतच आहे. धाकट्या भावाने वाशीमजवळ, रस्त्याला लागून असलेल्या आमच्या शेतात, कर्ज काढून शेती अवजारे दुरुस्तीचे वर्कशॉप बांधले. पहिल्याच पावसाळ्यात तीन दिवसांची झड लागली. पश्चिमेची भिंत आतून ओली झाली, नव्या लेथवर गंज चढला. "सिमेंट कमी पडले," असे जो तो म्हणाला. मी इंजिनिअर खरी, पण संगणकाची. म्हणून आधी जुने लोक काय करत, ते शोधू लागले.

आपल्याकडे गावाचे दोन भाग असत: काळीत शेत, पांढरीत घर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतीलाही हलवते. पांढरी तितकी हलत नाही. तीच माती गव्हांडा घालून कालवायची, तिच्याच भिंती आणि धाबी करायची. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती, भिंतीला शेणमातीचा हात आणि झडीच्या बाजूला पऱ्हाट्यांच्या ताट्या. हे दरवर्षी.

हे शहाणपण फार जुने आहे. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करवले. अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावाही मातीचाच आहे. त्यात भाताचे तूस आणि झाडपाल्याचे तंतू आहेत. त्यांच्यामुळे गिलावा तडकत नाही. पुढे वाड्यांना आणि मंदिरांना घाणीत मळलेला चुना लागला. माती काय, चुना काय, ओल शोषतात आणि ऊन पडले की सोडून देतात.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये घेतले. भारतात पोरबंदरला १९१४ मध्ये उत्पादन सुरू झाले. सिमेंट टणक, पण ताठ. भिंत हलली की बारीक तडा जातो आणि त्यातून शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. आमचे नेमके तेच झाले होते. काळीत बांधकाम केले आणि पाण्याची वाट आखलीच नाही.

उन्हाळ्यात तडे रुंदावले असतानाच ते खरवडून भरले. कॉलम आणि विटांच्या सांध्यांवर जाळी ठोकून पुन्हा प्लास्टर केले, पाणी मारले, पूर्ण वाळू दिले आणि मग लवचीक ॲक्रिलिक रंगाचे दोन हात दिले. छताचा पत्रा दोन फूट बाहेर काढला. पागोळ्यांचे पाणी पायात मुरू नये म्हणून भोवती उताराची फरशी आणि नाली केली. यंदाच्या झडीत भिंत कोरडी राहिली. खिडकीखाली हातभर ओल आहे. ती येत्या उन्हाळ्यात बघू.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला मेंटेनन्स म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो. बाबा दर मे महिन्यात भिंतींना हात द्यायचे. शेणामातीने भरलेले माझे हात मैत्रिणींना दिसू नयेत म्हणून मी ते घासघासून धुवायचे. ते काम काय होते, हे आता कळले. सांगायला बाबा नाहीत.

आपल्या वर्गाची पश्चिमेची भिंत आठवते? तिच्यावरच्या ओलीत आपण देशांचे नकाशे शोधायचो. मेळाव्याला आलात की तिच्याकडे एकदा बघा. आपल्या बॅचच्या देणगीतून रंग द्यायचे ठरते आहे. माझी विनंती एवढीच, की रंगाआधी पन्हाळ बसवू.