मांजरेच्या दोन बाजूंची वीज

तर झालं असं की जानेवारीत मी इलेक्ट्रिक गाडी घेतली, आणि पहिलाच लांबचा प्रवास ठरला तो हैदराबाद ते बिलोली. म्हणजे घरी. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. ऑफिसातली मंडळी गोवा, हंपी वगैरे सुचवत होती, पण आईने फोनवर "गाडी घेतलास म्हणं, दाखवायला आणणार का नाही?" असं विचारल्यावर बाकीचे सगळे प्लॅन बाद. :-)

ज्यांना बिलोली माहीत नाही (म्हणजे पुण्या-मुंबईचे जवळजवळ सगळेच), त्यांच्यासाठी: नांदेड जिल्ह्याच्या टोकाचा तालुका. मांजरा ओलांडली की तेलंगण. इकडे येसगी, तिकडे सालुरा, मध्ये निजामाच्या काळातला पूल. बाजाराला, दवाखान्याला नांदेड गाठायचं की बोधन-निजामाबाद, हा आमच्याकडे सोयीचा प्रश्न असतो, राज्याचा नाही. माझी आत्या बोधनकडे दिलेली आहे. तिच्या घरात मराठी, अंगणात तेलुगू आणि भांडण झालं की दखनी.

गाडी हैदराबादेत घेतली त्यालाही कारण आहे. तेलंगण सरकारने १८ नोव्हेंबर २०२४ पासून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत इलेक्ट्रिक गाड्यांना रोड टॅक्स आणि नोंदणी फी माफ केली. त्यामुळे हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात टीजी. अण्णांनी (म्हणजे माझे वडील) पाटी पाहून पहिलं वाक्य टाकलं ते असं, "तू बी तिकडचाच झालास म्हण की."

आता गंमत अशी की 'तिकडचा' आणि 'इकडचा' ही भानगडच सत्तर वर्षांची आहे. त्याआधी बिलोली सीमेवर नव्हतीच. हैदराबाद संस्थानाच्या ती चांगली आत होती. सीमा होती वर, वऱ्हाडाच्या बाजूला. तिथे निजामाची जकात, तिला करोडगिरी म्हणत. पैसासुद्धा वेगळा. आपला हाली सिक्का, ब्रिटिशांचा कळदार, आणि सहा कळदारला साधारण सात हाली असा भाव. माझे आजोबा शेवटपर्यंत एखादी वस्तू महाग वाटली की "कळदार मागतो का रे?" म्हणायचे. मला ते लहानपणी कुणाचं तरी आडनाव वाटायचं.

त्या सीमेला जीवमरणाचा अर्थही होता. हैदराबाद मुक्ती लढ्यात उमरखेडला कार्यकर्त्यांची छावणी होती, कारण उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. इकडे हद्दीच्या आत काय होतं, ते आमच्याच तालुक्यात दिसलं. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी गोविंदराव पानसरेंना अर्जापूरजवळ रस्त्यात गाठून मारलं. अर्जापूरवरून जाताना आमच्या एसटीतली म्हातारी माणसं हात जोडायची. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, आणि आठ वर्षं हैदराबाद हे एक राज्य म्हणून राहिलं. मराठी, तेलुगू, कन्नड सगळे त्यात.

१ नोव्हेंबर १९५६ ला ते तोडलं. भाषेप्रमाणे तोडलं असं आपण शाळेत शिकतो, पण प्रत्यक्षात सर्कल धरून तोडलं. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं आंध्रात गेली. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर तिकडे गेली. उलट आदिलाबादेतून किनवट आणि राजुरा इकडे आले. कुठल्या तरी कचेरीत नकाशावर पेन्सिल फिरली आणि आमची मांजरा, जी तोवर एक साधी नदी होती, ती आंतरराज्य सीमा झाली.

पण मला ज्या सीमेबद्दल लिहायचंय ती नकाशावरची नाही. ती तारेतली आहे. आणि खरं सांगतो, गाडी घेईपर्यंत मला तिचा पत्ताही नव्हता. बॅटरीचं गणित करता करता वाचत गेलो आणि सापडली.

हैदराबादेत हुसेन सागरच्या काठावर औष्णिक वीज केंद्र १९२० मध्ये उभं राहिलं. ते निजामाचं. राज्यं फुटल्यावर वीजही फुटली. आंध्रचं वीज मंडळ १९५९ चं, महाराष्ट्राचं १९६० चं. साठच्या दशकात देशाचे पाच विद्युत विभाग केले, त्यात महाराष्ट्र पश्चिम विभागात आणि आंध्र दक्षिण विभागात. इथे खरी मेख आहे.

दोन ग्रिड वेगळे म्हणजे नुसतं बिल वेगळं नव्हे. दोन्हीकडची वीज ५० हर्ट्झची, पण ठोका वेगळा. एकीकडे भार वाढला की फ्रिक्वेन्सी किंचित खाली, दुसरीकडे तेव्हाच किंचित वर. अशा दोन तारा सरळ जोडल्या तर दणका बसतो. (ज्यांनी दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नाहीत म्हणून रात्रभर लॉग तपासलेत, त्यांना हे दुःख कळेल. आपलं निदान जळत तरी नाही.) म्हणून नव्वदच्या दशकात चंद्रपूरजवळ भद्रावतीला एक केंद्र बांधलं. एका बाजूने एसी घ्यायचा, त्याचा डीसी करायचा, आणि त्याचा पुन्हा दुसऱ्या बाजूच्या ठोक्याचा एसी. क्षमता एक हजार मेगावॅट. थोडक्यात विजेची करोडगिरीच ती. गाडी थांबवा, माल उतरवा, आमच्या नाण्यात मोजा, मग पुढे.

म्हणजे माझ्या शाळेच्या वर्षांत येसगीतला दिवा आणि सालुऱ्यातला दिवा वेगवेगळ्या ठोक्यांवर जळत होते. मधलं अंतर एक पूल. २०१२-१३ मध्ये आंध्र-तमिळनाडूत विजेचा तुटवडा होता, आणि उत्तरेकडून हवी तेवढी वीज आणायला वाट अपुरी होती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाशी एका ठोक्यात आला. मला यातलं आवडलेलं म्हणजे रायचूर. तेही जुन्या हैदराबादचंच, १९५६ ला कर्नाटकात गेलेलं. सोलापूर मात्र संस्थानाबाहेरचं. पाच महिन्यांत तेलंगण वेगळं झालं, पण आता तारेत फरक पडणार नव्हता.

असो. प्रवासाकडे येतो. कामारेड्डीला चहा आणि पाऊण तास चार्जिंग केलं. आधीच्या चार्जरवर ॲप पैसे घेऊन गप्प बसलं होतं, त्या शिव्या इथे लिहीत नाही. निजामाबाद, बोधन, सालुरा, पूल. पुलावर स्पीड वीस. बिलोलीत पोचलो तेव्हा बॅटरी तीस टक्के. ॲपवर गावात फास्ट चार्जर दिसत नव्हता, म्हणून कूलरच्या सोळा अँपियरच्या प्लगला वायर लावली. ३.३ किलोवॅट, रात्री साडेआठला सुरू, सकाळी सहापर्यंत फुल्ल.

जेवणं झाल्यावर अण्णा स्वेटर, कानटोपी, बॅटरी (टॉर्च हो!) घेऊन निघाले.

"आता कुठं?"

"हरभऱ्याला पाणी. ह्या आठवड्यात रातची पाळी हाय. धा ते सा."

घर गावठाण फीडरवर, विहिरीवरची मोटार शेतीच्या फीडरवर. गावठाणाला रात्रभर वीज. शेतीला आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे माझी गाडी ओसरीत बसून आरामात वीज पिणार, आणि साठीचा माणूस थंडीत बांधावर, साप-विंचवात. मी म्हटलं मी येतो. तर म्हणाले, "झोप, तुला बाऱ्याबी मोडता यायच्या न्हाईत." खरंच येत नाहीत.

आत्याकडे हे चित्र नाही. तेलंगणने १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास फुकट वीज सुरू केली. आमच्या सीमेवरच्या गावांतून "आम्हाला तेलंगणात घ्या" अशी मागणी झाली, ती भाषेसाठी नव्हती. वीज आणि रयतु बंधूचे एकरी पैसे, ह्यासाठी होती. आपल्याकडे पेपरांनी त्याला अस्मितेचा मुद्दा केला, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. अर्थात तिकडे सगळं गोड आहे असंही नाही. चोवीस तास वीज आल्यावर ऑटो-स्टार्टर काढा म्हणून तिथल्या सरकारलाच शेतकऱ्यांच्या मागे लागावं लागलं, कारण वीज आली की मोटार आपोआप सुरू होणार आणि जमिनीतलं पाणी उपसत राहणार. आत्याचा मुलगा म्हणतो, बोअर आधी आटली, मग स्टार्टर काढला.

पहाटे सव्वासहाला अण्णा आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. गाडीजवळ उभे राहून स्क्रीन बघत होते.

"भरली का?"

"हो, फुल्ल."

"किती जातंय हिच्यात?"

"चाळीस युनिट."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "ही दिवसा मोटारीला जोडता येती का रे?"

मी मनात गणित केलं. पाच एचपीची मोटार म्हणजे पावणेचार किलोवॅट. आठ तास चालली तर तीस युनिट. हैदराबादहून घरी यायला मला जवळपास तेवढीच लागली होती.

"थ्री फेज लागते अण्णा, हिच्यातून नाही निघत."

"मग कशाला एवढी साठवायची?" म्हणाले, आणि पाय धुवायला न्हाणीकडे गेले.