वटवट्या : आवाज व सवयींवरून ओळख

गवत, झुडपे आणि तिवरांत वावरणाऱ्या, किडे टिपणाऱ्या लहान गाणाऱ्या पक्ष्यांना मराठीत सरसकट ‘वटवट्या’ म्हणतात. बहुतेकांचा मळकट रंग व क्षणात आडोशाला जाण्याची सवय यांमुळे ते नजरेने ओळखणे कठीण असते. इंग्लंडमध्ये निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी दिसायला जवळपास सारख्या तीन वटवट्यांतला फरक गाण्यावरून दाखवला. हा फरक नोंदवणारा त्यांचा ग्रंथ १७८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आढळ : मिरा-भाईंदरमध्ये वसईच्या खाडीकाठची तिवरे, मिठागरांचे बांध, उत्तनच्या वाड्या आणि चेणे परिसरातील झाडी हे या पक्ष्यांना मानवणारे अधिवास आहेत.

ओळख : शिंपी, राखी वटवट्या आणि साधा वटवट्या हे तिघेही सुमारे १३ सेंमी. लांबीचे असतात. शिंपी शेपटी उभी धरून ‘टुविट्-टुविट्’ असा, देहाच्या मानाने फार मोठा आवाज काढतो. गाताना त्याच्या मानेच्या बाजूंचा काळसर पट्टा उघडा पडतो. राखी वटवट्या उडताना चुटकी वाजवल्यासारखा ‘टक्-टक्’ आवाज येतो. तोही कधीकधी पाने शिवून घरटे करतो, म्हणून केवळ शिवलेल्या पानांवरून शिंपी ठरवू नये. साधा वटवट्या गवताच्या शेंड्यावर बसून नाकतोड्यासारखी लांबलचक किरकिर करतो. सिस्टिकोला हा आखूड शेपटीचा वटवट्या विणीच्या काळात गवतावरून हेलकावे घेत उडतो आणि दर हेलकाव्याला ‘झिट्’ म्हणतो.

बोरू-वटवट्यांत ब्लाइथचा बोरू-वटवट्या हिवाळी पाहुणा आहे. नावात बोरू असला तरी तो झाडाझुडपांत राहतो आणि दोन गारगोट्या आपटल्यासारखे ‘चक्’ करत राहतो. त्याचा मोठा भाऊबंद सुमारे १९ सेंमी.चा असून तिवरांत व पाणकणसांत कर्कश, दमदार गातो.

निरीक्षण : सकाळी एकाच झुडपाजवळ स्थिर उभे राहावे. आवाज, बसण्याची उंची, शेपटीची हालचाल आणि ऋतू या चारही गोष्टी जुळल्यावरच नाव नोंदवावे. ध्वनिमुद्रित गाणे वाजवून पक्ष्याला बाहेर काढू नये. हद्दीत परका नर शिरला असे समजून तो घरटे सोडून धावतो आणि अंडी-पिले उघडी पडतात.