सिग्नल केबिन : नोंदवही आणि स्मृती

ब्रिटनमधील जुन्या सिग्नल केबिनींविषयी तेथे काम केलेल्या सिग्नलमनांनी व त्या पाहावयास गेलेल्या हौशी मंडळींनी लिहून ठेवलेल्या आठवणींचे वाङ्मय विपुल आहे. एड्रियन व्हॉन यांचे १९८१ साली प्रसिद्ध झालेले ‘सिग्नलमन्स मॉर्निंग’ हे त्यातील विशेष परिचित पुस्तक होय. घासून लख्ख केलेली पितळी उपकरणे, कोळशाची शेगडी, हाताच्या घामाने लिव्हर गंजू नये म्हणून वापरावयाचे फडके आणि शेजारच्या केबिनीतून येणारे घंटेचे ठोके यांची वर्णने या आठवणींत वारंवार येतात. त्यांतील जिव्हाळा खरा आहे. तथापि माणसाच्या स्मरणावर सर्वस्वी विसंबता येत नाही, या कटू अनुभवातूनच ही वास्तू घडत गेली, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला दृष्टीआड करता येत नाही.

आगगाडीच्या आरंभीच्या काळात रेल्वेचे पोलीस रुळांच्या कडेला उभे राहून हाताने इशारे देत. इंग्रजी रेल्वे-बोलीत सिग्नलमनाला पुढेही ‘बॉबी’ म्हणत राहिले, त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे. एक गाडी गेल्यावर ठरावीक मिनिटे थांबून दुसरी सोडावयाची, एवढाच त्या वेळचा नियम असे. पुढची गाडी वाटेत अडकली तर तो निरुपयोगी ठरे. १८५६ साली जॉन सॅक्सबी यांनी सांधे व सिग्नल यांच्या हालचाली एकमेकींशी जखडून टाकणाऱ्या यंत्रणेचे एकस्व घेतले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे झालेल्या अपघातात सुमारे ८० माणसे दगावली. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून, रुळाच्या एका खंडात एका वेळी एकच गाडी, सांधे-सिग्नलांची परस्परबद्धता आणि उतारूंच्या गाड्यांना अखंड ब्रेक या तीन गोष्टी बंधनकारक करण्याची व्यवस्था केली.

दोन केबिनींमधील व्यवहार घंटेच्या ठोक्यांनी चाले. एक ठोका म्हणजे लक्ष वेधणे. चार ठोके म्हणजे जलद उतारू गाडी घेता काय, अशी पृच्छा. दोन ठोके म्हणजे गाडी खंडात शिरली. दोन, विराम आणि एक म्हणजे ती सुखरूप बाहेर पडली. सलग सहा ठोके म्हणजे मार्गात अडथळा, धोका. या भाषेत पृच्छेचे ठोके जसेच्या तसे परत वाजविणे हाच होकार असे. ऐकणाऱ्याने ऐकले आहे याची खात्री बोलणाऱ्याला पटावी, हा त्यामागील हेतू. प्रत्येक ठोक्याची वेळ नोंदवहीत लिहावी लागे. थांबलेल्या गाडीचा विसर पडू नये म्हणून संबंधित लिव्हरच्या मुठीवर लोखंडी कडे अडकविण्याची सोय असे. आणि गाडी सिग्नलपाशी खोळंबली तर इंजिनावरील माणसाने केबिनीत जाऊन आठवण द्यावी, असा ‘नियम ५५’ होता.

एवढे उपाय असूनही विसर पडला. २४ डिसेंबर १९१० रोजी पहाटे हॉज जंक्शन येथील सिग्नलमन आल्फ्रेड सटन याने दोन रिकामी इंजिने सिग्नलपाशी उभी करून ठेवली होती. कामाच्या गर्दीत तो ती विसरला आणि त्याने स्कॉटलंडकडे जाणाऱ्या एक्स्प्रेससाठी सिग्नल पाडला. तो आपल्यासाठीच आहे असे समजून इंजिने निघाली; मागून एक्स्प्रेस त्यांवर आदळली व १२ उतारू मृत्युमुखी पडले. इंजिनांवरील कोणीही नियमाप्रमाणे केबिनीत गेले नव्हते.

२२ मे १९१५ रोजी ग्रेटनाजवळ क्विंटिन्सहिल येथे घडले ते याहून भयंकर होते. दिवसपाळीचा सिग्नलमन जेम्स टिन्स्ली ज्या स्थानिक गाडीने कामावर आला, तीच गाडी केबिनीसमोर उलट दिशेच्या मार्गावर उभी केलेली असताना तो तिला विसरला आणि त्याने त्या मार्गावर सैनिकांची गाडी स्वीकारली. पहिल्या टकरीच्या ढिगाऱ्यावर लगेच लंडनहून आलेली एक्स्प्रेस आदळली. दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. स्थानिक गाडीचा फायरमन केबिनीत येऊन नोंदवहीत सही करून गेला होता, पण लिव्हरवर कडे अडकविलेले नव्हते. टिन्स्ली व रात्रपाळीचा जॉर्ज मीकिन या दोघांनाही कारावास झाला.

या प्रकरणातील नोंदवही अभ्यासकाला सावध करणारी आहे. टिन्स्ली पायपीट टाळण्यासाठी कधीकधी त्या गाडीने उशिरा येई. तोवर मीकिन सहानंतरच्या नोंदी सुट्या कागदावर टिपून ठेवी व टिन्स्ली त्या स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवी. पाळी वेळेवर बदलली, असे वही सांगे. ते खरे नव्हते. त्या दिवशी गाडी समोर उभी असताना तो ही नक्कल करण्यात गुंतला होता. हा अलिखित रिवाज उघड झाला तो चौकशीतील साक्षींमुळे, म्हणजे माणसांच्या तोंडून.

म्हणूनच वृद्ध सिग्नलमनांच्या आठवणी केवळ गतकाळाचा हळवेपणा म्हणून बाजूस सारता येत नाहीत. त्यांत तारखा चुकतात, रात्री रम्य होतात. परंतु रात्रपाळीचा थकवा, शेजाऱ्याची सांभाळून घेतलेली चूक, सोयीसाठी वाकविलेला नियम हे ज्यांत सापडेल, असे दुसरे साधन क्वचितच असते. हा ठेवा फार काळ टिकणारा नाही. १९४८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये अशा सुमारे दहा हजार केबिनी होत्या. २०१३ साली इंग्लंडमधील २६ केबिनींना वारसा-वास्तूंचे संरक्षण मिळाले, तेव्हा देशात पाचशेहूनही कमी कामावर होत्या. श्रूझबरी येथील १९०३ सालच्या केबिनीतील १८० लिव्हरांची चौकट पाहून यंत्राची रचना समजते. सटनला ती दोन इंजिने नेमकी कोणत्या गडबडीत विसरावी लागली, हे मात्र तेथे काम केलेला माणूसच सांगू शकतो.